देणारी आई



दत्तविधान म्हटले की घेणाऱ्या घरचा पाळणा डोळ्यांपुढे येतो. पेढे वाटले जातात, वंश चालला म्हणून वडीलधारी मंडळी संतोष पावतात. ज्या कुशीतून ते मूल आले तिची आठवण त्या समारंभात क्वचितच निघते.

पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊही नये, असा वसिष्ठाचा दंडक होता. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यातही, पिता हयात असता, मूल देण्याचा हक्क सामान्यतः त्याचाच असे. आईची केवळ संमती लागे. बरोबरीचा हक्क तिला 2010 साली मिळाला. सौंसर तालुक्यातील मोहगावी अर्धनारीश्वराचे देवालय आहे. देवाच्या ठायी स्त्रीचा अर्धा वाटा आपण कधीच मान्य केला. मुलाच्या बाबतीत तो मान्य करावयास मात्र एवढा काळ लागला.

आईच्या मनाचा विचार फार पूर्वी झाला तो पुण्यात. 1863 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे. पुढे मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे, हे त्यांनी आपल्या खुशीने ठरवावे, असे त्यांना जाहीरपणे कळविले होते. यातील ‘खुशी’ हा शब्द मोलाचा आहे. 1874 मध्ये काशीबाई या विधवेचा मुलगा त्या दांपत्याने आपला मानला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. यशवंताची कथा सांगताना सावित्रीबाईंची माया सर्वांना आठवते. काशीबाईचे नाव मात्र एका ओळीत संपते.

वास्तविक मूल दुसऱ्याच्या ओटीत घातले म्हणून पान्हा थांबत नाही. घरात मृत्यू झाला तर शेजारीपाजारी सांत्वनाला येतात. येथे मूल सुखरूप आहे, म्हणून रडण्याचीही सोय नाही. वाढदिवसाची तारीख दरवर्षी येते आणि ती एकटीच मोजते. ‘टाकून दिले’ हे दोन शब्द तिला जन्मभर ऐकावे लागतात. पुष्कळदा तिने मूल टाकलेले नसते. दारिद्र्याने, लोकलज्जेने वा घरच्यांच्या धाकाने ते तिच्या हातून सुटलेले असते.

म्हणूनच 2015 च्या बालन्याय कायद्याने बालकल्याण समितीपुढे मूल सोपविणाऱ्या आईस फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. तिची ओळख गुप्त राखण्याचीही तरतूद आहे. परंतु मुदत कागदावर असून भागत नाही. त्या साठ दिवसांत तिला निवारा हवा, पोटाला अन्न हवे, आणि दटावणारे नव्हे तर ऐकून घेणारे माणूस हवे. तसे माणूस भेटले तर कोणी मूल परत नेईल, कोणी नेणारही नाही. दोन्ही निर्णय तिचे असतील.

मोहगावसारख्या गावात गुपित फार दिवस झाकून राहत नाही. तेथे अशी एखादी माहेरी परतली, तर ‘मूल कुठे?’ असे विचारण्यापूर्वी ‘जेवलीस का, बाई?’ एवढे विचारणारी एक तरी शेजारीण असावी.