सिद्धता, संगणक आणि भाषा



मराठीच्या अध्यापकाने गणितातील सिद्धतेविषयी बोलावे, हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु सिद्धता हा मुळात भाषेचाच व्यवहार आहे : मान्य विधानापासून निघावे आणि एकही पायरी न गाळता दुसऱ्याला साध्यापर्यंत पटवीत न्यावे. हे पारखून घेण्याचे काम यंत्राकडे सोपविले, तर माणसाकडे काय उरते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

१८५२ साली इंग्लंडमधील परगण्यांचा नकाशा रंगविताना फ्रान्सिस गथ्री या तरुणाच्या लक्षात आले की, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येऊ द्यायचा नसेल, तर चार रंग पुरतात. कोणत्याही नकाशाला ते पुरतील काय? १८७९ मध्ये आल्फ्रेड केंप यांनी याची सिद्धता दिली व ती मान्यही झाली. पर्सी हीवुड यांनी तिच्यातील दोष दाखविला तो १८९० मध्ये. जाणत्यांच्या नजरेतून एक चूक अकरा वर्षे निसटली होती.

१९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील केनेथ अपेल व वोल्फगांग हाकेन यांनी हा प्रश्न सोडविला. पण त्यातील जवळजवळ दोन हजार आकृतिबंध संगणकाने हजाराहून अधिक तास खपून तपासले होते. अनेक गणितज्ञ अस्वस्थ झाले. आज्ञावलीतच चूक नसेल कशावरून?

या शंकेचे उत्तरही यंत्राच्याच साहाय्याने मिळाले. २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी या प्रमेयाची सिद्धता, युक्तिवाद आणि आकडेमोड दोन्हींसह, ‘कॉक’ या प्रणालीच्या काटेकोर भाषेत उतरविली. अशा प्रणालीच्या गाभ्याशी तर्काचे मोजके नियम जाणणारा एक छोटा पारखी असतो. प्रत्येक पायरी त्याच्यापुढून जावी लागते. ‘हे उघडच आहे’ म्हणून त्याची समजूत घालता येत नाही. हजारो पायऱ्यांवर विश्वास ठेवण्याऐवजी आपण त्या छोट्या गाभ्यावर ठेवतो, आणि तो माणसाला वाचून तपासता येतो.

समान गोल अधिकात अधिक दाटीने कसे रचावेत, याविषयीच्या केप्लरच्या १६११ मधील अनुमानाचेही असेच झाले. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये दिलेली सिद्धता बारा परीक्षकांनी काही वर्षे तपासली आणि ९९ टक्के खात्री आहे, इतकेच ते सांगू शकले. २०१४ मध्ये हेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती यंत्राकडून पूर्णपणे पडताळून घेतली.

मात्र पायरीतून पायरी निघते की नाही, एवढेच यंत्र सांगते. साध्य कोणते, हे ते ठरवीत नाही. भाकरीचे आठ तुकडे मध्यबिंदूशी एकमेकांना भेटतात. अशा स्पर्शालाही सीमा म्हटले, तर आठ रंग लागतील. पुदुच्चेरीचा माहे केरळच्या किनाऱ्यावर, तर यानम आंध्र प्रदेशालगत. असे विखुरलेले भाग एकाच रंगाने दाखवायचे ठरविले, तर प्रत्येक नकाशाला चार रंग पुरतीलच असे नाही. म्हणजे ‘प्रदेश’ व ‘सीमा’ या शब्दांच्या व्याख्या ढिल्या राहिल्या, तर यंत्राने सिद्ध केलेले विधान निर्दोष असेल, पण ते आपल्याला अभिप्रेत असलेले नसेल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी सिद्धता लिहू देण्यापूर्वी साध्य स्वतःच्या शब्दांत सांगायला लावीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. पाठ केलेली सिद्धता कोणीही तपासील. आपण काय म्हणत आहोत, हे नेमके जाणण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यावर टाकता येत नाही. ती मुलांना त्यांच्या भाषेत शिकविणे, हे शाळेचे काम आहे आणि ते पुढेही राहील.