बाकावर बसलेल्यांसाठी दोन शब्द
(मधुमेहासह मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसमोर केलेले भाषण)



आत डायलिसिस चालू असताना चार-चार तास या बाकांवर बसणाऱ्या आपणां सर्वांशी मला बोलायचे आहे. आहाराचा तक्ता आपणांस मिळालेला आहे. ज्याची नोंद त्या तक्त्यात नसते, त्या रुग्णाच्या मनाविषयी आज बोलते.

वर्षानुवर्षे मधुमेह सांभाळलेल्या माणसाला मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळते, तेव्हा 'माझेच चुकले का?' हा प्रश्न त्याला छळतो. मधुमेहाने मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्या हळूहळू खराब होतात आणि फार उशिरापर्यंत काहीही दुखत नाही. रक्तदाब, आनुवंशिकता, आजाराचा दीर्घ काळ यांचाही त्यात वाटा असतो. पथ्य पाळणाऱ्यांनाही हा विकार होऊ शकतो. तरीही घरात कोणीतरी म्हणतेच, "बाबा, तेव्हाच गोड सोडायला सांगत होतो." हे काळजीपोटी येते, हे मी जाणते. ऐकणाऱ्याला मात्र तो निकाल वाटतो.

पाण्याचेही तसेच. ज्यांना पाणी मोजून घ्यावे लागते, त्यांची तहान खरी असते. साखर वाढली किंवा मीठ जास्त झाले, की ती अधिकच वाढते. मी परिचारिका म्हणून काम करीत असताना एक गृहस्थ म्हणाले होते, "सिस्टर, घरी माझ्यापेक्षा माझ्या तांब्याकडेच सर्वांचे लक्ष असते." त्यावर मला उत्तर सुचले नव्हते.

या टप्प्यावर काहींची साखर कमी होऊ लागते आणि घरात आनंद होतो. मधुमेह बरा झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. निकामी मूत्रपिंडांमुळे इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकून राहते. म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. रुग्ण एकाएकी चिडला, घामाघूम झाला, गोंधळला, तर रागावण्याआधी साखर तपासावी. ती कमी असल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास थोड्या पाण्यातून साखर किंवा ग्लुकोज द्यावे. फळांच्या रसात पोटॅशियम असते, म्हणून तो टाळावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडातून काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

थकवा, अनिद्रा, मंदावलेली भूक ही मूत्रपिंडविकाराची लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही; त्यामुळे नैराश्य लपून राहते. दोन आठवडे उदासी हटली नाही, किंवा "माझ्यावर कशाला खर्च करता?" असे उद्गार वारंवार येऊ लागले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. 'टेली मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. रुग्ण डायलिसिसच नको म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला कशाची भीती वाटते, ते आधी विचारावे. पुष्कळदा ती भीती पैशाची निघते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत डायलिसिसची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

पहिल्या पाळीचे रुग्ण आता बाहेर येतील. अनेकांना या वेळी अगदी गळून गेल्यासारखे वाटते. वजन किती उतरले, हे घरी पोहोचल्यावर विचारले तरी चालेल.