मज्जाविकारांचे पुनर्वसन : प्रशिक्षित हातांची गरज



पक्षाघातातून रुग्णाचा जीव वाचला की लढाई संपली, असे आपणांस वाटते. वास्तविक ती तेव्हाच सुरू होते. लुळा पडलेला हात धरून रुग्णाला उठविणे, हे घरोघरी मायेपोटी घडते. परंतु त्या ओढीने खांद्याचा सांधा निसटू शकतो आणि दुखणे मागे लागते. आधार कोठे द्यावा, गिळताना ठसका लागणाऱ्यास कसे बसवावे, कंपवाताच्या रुग्णाचे अडलेले पाऊल जमिनीवरील रेघेच्या साहाय्याने कसे उचलवून घ्यावे, हे उपचारतज्ज्ञाला जाणत्याच्या हाताखाली, रुग्णाजवळ राहूनच शिकावे लागते.

कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५५ साली हाजीअली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. म्हणजे ही विद्या आपल्या किनाऱ्यासमोरच नांदते आहे. तथापि मुरूड-श्रीवर्धनच्या रुग्णाला महिनोन्‌महिने मुंबईच्या खेपा झेपत नाहीत. पावसाळ्यात तर मांडव्याच्या लाँचही बंद असतात. म्हणून रुग्णाला तेथे नेण्यापेक्षा आपले तज्ज्ञ तेथे पाठवून ती विद्या येथे आणणे श्रेयस्कर होय.

यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, प्रशिक्षणावर नाही. तरीही एखादा कोळी बांधव पुन्हा स्वतःच्या हाताने जेवेल, जाळे विणेल, त्यात आपला वाटा असेल. एका तज्ज्ञाच्या प्रशिक्षणाचा भार आपण उचलावा, ही नम्र विनंती.