गोऱ्ह्याचे पोट भरते, अंग का भरत नाही?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दिवाळीपर्यंत आपली वासरे बरी दिसतात. होळीला बघावे तर पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या मोजून घ्या. आपण म्हणतो, चारा कमी पडला. आम्हीही शेतीची पदवी घेऊन घरच्या गोऱ्ह्यापुढे कडब्याच्या पेंढ्या टाकत होतो. गव्हाण भरलेली आणि गोऱ्हा तसाच!

खोट पोटाच्या आत आहे. गुरांचा चारा कोठ्यातले बारीक जंतू कुजवतात, आणि त्या जंतूंना प्रथिने लागतात. चाऱ्यात शंभराला सातच्या खाली प्रथिने गेली की जंतू उपाशी राहतात. चारा पोटात पडून राहतो आणि जनावर खाणेच कमी करते. उन्हाळ्यातले गायरानावरचे वाळके गवत आणि ज्वारीचा कडबा शंभराला तीन-चारवरच अडतात.

आता हिशेब करा. ३ किलो कडब्यातून १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. सरकीच्या अर्ध्या किलो ढेपेतून, ढेप टरफलाची असली तरी, तेवढीच मिळतात. शिवाय ढेपेमुळे कडबाही जास्त खाल्ला जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गुराखी कोरड्या हंगामात दूध तुटलेल्या वासरांना हीच सरकी आणि ढेप घालतात. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड दिली तरी काम भागते.

पण ढेप आणायची कोठून? क्विंटलभर कापसात रुई ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. गाडी रिकामी करताना सरकीचा वेगळा हिशेब आपण विचारत नाही. मग तीच सरकी तेल काढून, पोत्यात भरून, भाव लावून आपल्याच दारी येते. म्हणून ढेपेचे पोते घेण्याआधी घरचे तुरीचे, हरभऱ्याचे कुटार आणि चुणी वासरांसाठी राखा. ते कडब्यापेक्षा कसदार आहे. आपण ते बैलांपुढे टाकतो आणि वासरू धसकटे चघळते.

ढेप देण्याआधी जंताचे औषध पाजा, नाहीतर पोसणार ते जंतच. ढेप मूठभरापासून सुरू करून पंधरा दिवसांत वाढवा. चार महिन्यांच्या आतल्या वासराला सरकीची ढेप देऊ नका, तिच्यातले गॉसिपॉल त्याला सोसत नाही. त्याला आईचे दूध जास्त सोडा आणि जोडीला थोडी शेंगदाण्याची पेंड द्या. बुरशी आलेली पेंड मात्र उकिरड्यावर टाका. आणि सहा महिन्यांच्या आत युरियाचा चारा, युरियाची वीट, काहीही नको.