काळोखात बंदूक हाताळण्याचे शिक्षण
(शस्त्र परवानाधारक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी सत्तरीपासून काणकोणपर्यंत आहेत. ती वापरण्याचा प्रसंग बहुधा रात्री येतो. नेमबाजी मात्र आपण भर उजेडात शिकतो. ही उणीव प्रशिक्षणानेच भरून निघेल.

उजेडातून काळोखात आल्यावर डोळे पुरते सरावण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. प्रखर प्रकाशाचा एक झोत ही कमावलेली दृष्टी क्षणात हिरावून घेतो. मंद प्रकाशात रंग कळत नाहीत, केवळ आकृती दिसते. कुळागरात वाकून काम करणारा शेजारीही मग रानडुक्कर भासू शकतो.

म्हणून अशा प्रशिक्षणात नेम धरण्याआधी ओळख पटविण्यास शिकवितात. विजेरी बंदुकीहून वेगळी ठेवावी. केवळ पाहण्यासाठी बंदूक कोणावर रोखू नये. मोठ्याने हाक द्यावी. समोर कोण आहे व त्यापलीकडे काय आहे, याची खात्री होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये.

शस्त्र नियम, २०१६ यांत परवान्यासाठी सुरक्षितता प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते केवळ दाखल्यापुरते उरकू नये. शिवाय, बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची अनुज्ञा नव्हे. ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

संशय असेल तेथे गोळी झाडू नका. गेलेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येईल. गेलेला माणूस परत आणता येणार नाही.

जय हिंद.