धडधडीला लगाम

आम्ही कवी मंडळी हृदयाला फार धावायला लावतो. ते धडधडलं की ओळ सुचते, असा आमचा समज. तीन वर्षांपूर्वी जिना चढताना माझ्या छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर एक छोटी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "कवीसाहेब, आता जरा सावकाश धडधडू द्या."

ही गोळी 'बीटा ब्लॉकर' गटातली. राग, भीती, धावपळ यांत शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हृदयावरच्या ठरावीक जागी ते पोचलं की ठोके वाढतात. ही गोळी त्या जागा आधीच अडवून बसते. ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, हृदयाची प्राणवायूची गरज घटते. मग अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून येणारं रक्तही पुरतं. पुरवठा वाढवण्यापेक्षा मागणीच कमी करावी, हा विचार स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांचा. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. दुबळ्या हृदयाला ही औषधं पूर्वी वर्ज्य मानत. पण अगदी कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवली, तर त्यातली काही अशा रुग्णांचं आयुष्य वाढवतात, हे १९९९च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं.

सहा महिन्यांत मला बरं वाटू लागलं. 'आता कशाला गोळी?' म्हणून मी ती परस्पर बंद केली. बायकोलाही सांगितलं नाही. चौथ्या रात्री छाती अशी धडधडू लागली, की तिनेच रिक्षा बोलावली. डॉक्टर रागावले. म्हणाले, "इतके दिवस थोपवलेलं ॲड्रेनलिन एकदम तुटून पडतं. अशाने झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच तर आम्ही थोडी थोडी कमी करू."

म्हणून सांगतो, उपवास असो की रोजा, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. दमा असेल तर आधी सांगा. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा, साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीने झाकली जाते.

आता रोज सकाळी चहाआधी बायको गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. ठोके साठ-पासष्टच असतात. कविता मात्र अजून सुचते.