एम्ब्लेझन: ढालीवरचे क्रियापद

'एम्ब्लेझन' हे इंग्रजी क्रियापद युरोपातल्या कुलचिन्हांच्या विद्येतून आले.

जुन्या फ्रेंचमध्ये 'ब्लाझों' म्हणजे ढाल.
ढालीवर सरदाराच्या घराण्याचे चिन्ह असे.
शिरस्त्राणात चेहरा झाकला, तरी ढालीवरून माणूस ओळखू येई.

या चिन्हाचे ठरावीक शब्दांत वर्णन करणे, म्हणजे 'ब्लेझन'.
तेच चिन्ह रंगांत रेखाटणे, म्हणजे 'एम्ब्लेझन'.

मुंबईतही अशी चिन्हे आहेत.
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे चिन्ह आजही दिसते.


पुढे या क्रियापदाचा अर्थ ढालीपलीकडे विस्तारला.
नाव किंवा चिन्ह ठळकपणे झळकवणे, म्हणजे एम्ब्लेझन.

गणेशोत्सवात प्रभादेवी-लालबागला कार्यकर्त्यांच्या टी-शर्टवर मंडळाचे नाव पाठभर छापलेले असते.
तिथे हे क्रियापद चपखल बसते.
कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांना ते शोभत नाही.
पुन्हा सांगायचे, तर ठळकपणे झळकवणे, हाच त्याचा गाभा.

वापर बहुधा कर्मणी असतो: 'एम्ब्लेझन्ड'.
टी-शर्टवर नाव झळकते, असे म्हणताना पुढे 'ऑन' येते.
टी-शर्ट नावाने झळकतो, असे म्हणताना 'विथ' येते.